विश्लेषण : ‘शनवार तेली’ ते ‘अल्पसंख्याक’... महाराष्ट्रातील ज्यूंनी आपली ओळख कशी टिकवली?

ज्यू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर इस्रायल, जेरुसलेम, हिटलरच्या छळछावण्या किंवा टीव्हीवरच्या युद्धाच्या बातम्या येतात. मात्र घरात मराठी बोलणारा, लग्नात हळद लावणारा, गावावरून ‘-कर’ आडनाव लावणारा ज्यू समाज शेकडो वर्षांपासून महाराष्ट्रात राहतो. या समाजाचे नाव बेने इस्रायल. धर्मग्रंथ नाही, धर्मगुरू नाही, प्रार्थनामंदिर नाही, अशा स्थितीत या समाजाने आपला धर्म पिढ्यान्‌पिढ्या जपला. पुढे हाच धर्म तो नव्याने शिकला आणि त्यासाठी मराठीचा आधार घेतला. आज महाराष्ट्रात या समाजाचे काही हजारच लोक उरले आहेत. हा समाज नेमका कोण, तो इथे कसा आला, त्याची धार्मिक शिकवण काय आणि तो का पांगला, याचा हा वेध.

‘शनवार तेली’ हे नाव कुठून आले?

जठारपेठेत लाकडी घाण्याचे तेल मागायला जाणाऱ्या ग्राहकाला ‘तेली’ हा शब्द नवा नाही. विदर्भात तिळवण तेली, एरंडेल तेली अशा पोटशाखाही ओळखीच्या आहेत. कोकणात मात्र तेल गाळणाऱ्यांची ओळख आणखी एका गोष्टीवरून पटत असे. कोणाचा घाणा कोणत्या वारी बंद असतो, ही ती गोष्ट. महादेवाचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते ‘सोमवार तेली’. शनिवारी बैल न जुंपणारे ते ‘शनवार तेली’.

हे शनवार तेली म्हणजेच बेने इस्रायल. अलिबाग, रोहा, पेण, पनवेल, मुरुड या पट्ट्यातील गावांत ते राहत. घाण्यावर तेल गाळणे, शेती आणि थोडीफार सुतारकी ही त्यांची मुख्य कामे. हिंदू तेली समाजाशी त्यांचा धंदा सारखा होता. रोटीबेटीचा व्यवहार मात्र नव्हता. शनिवारी काम करायचे नाही, हा ज्यू धर्मातील सर्वांत ठळक नियम. देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली आणि सातव्या दिवशी विश्रांती घेतली, म्हणून माणसानेही सातव्या दिवशी थांबावे, अशी ही शिकवण आहे. या दिवसाला शब्बाथ म्हणतात. तो शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री संपतो.

गावकऱ्यांना शब्बाथ हा शब्द माहीत नव्हता. त्यांना दिसत होता तो बंद घाणा. त्यावरूनच त्यांनी या शेजाऱ्यांना नाव दिले. त्या काळात या समाजाच्या धर्माची बाहेरच्यांना दिसणारी सर्वांत ठळक खूण म्हणजे हे नाव होते.

ते कोकणात आले कसे?

समाजाची परंपरागत कथा अशी : फार पूर्वी एक जहाज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बाकीच्यांचे मृतदेह तिथेच पुरले गेले. धर्मग्रंथ आणि सामान समुद्रात गेले. वाचलेल्या चौदा जणांपासून पुढचा सारा समाज वाढला. नवगावला आज त्यांचा स्मृतिस्तंभ आहे आणि समाजाचे लोक तिथे श्रद्धेने जातात.

हे कधी घडले, याबद्दल मतभेद आहेत. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या मते हे लोक इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात, ग्रीक राजा अँटिओकसच्या छळातून निसटून आले. त्याला ते एक आधार देतात. हनुक्का हा ज्यूंचा दिव्यांचा सण त्याच राजाविरुद्धच्या विजयाची आठवण म्हणून सुरू झाला. बेने इस्रायलींना तो सण पूर्वी माहीतच नव्हता. त्याअर्थी त्यांचे पूर्वज तो सुरू होण्याआधीच निघाले असावेत, असा हा तर्क. अन्य अभ्यासक मात्र हे आगमन बरेच नंतरचे मानतात आणि येमेन किंवा इराणकडे बोट दाखवतात.

२०१६ मध्ये ‘प्लॉस वन’ या विज्ञानपत्रिकेत बेने इस्रायलींच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या समाजाच्या जनुकांत ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही पूर्वजांचे अंश आहेत, आणि हे मिश्रण साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाले असावे, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे नवगावच्या कथेतील तपशील सिद्ध झाले असे नाही. पण पश्चिम आशियातील ज्यू पूर्वजांशी समाजाने सांगितलेल्या नात्याला विज्ञानानेही दुजोरा दिला.

‘बेने इस्रायल’ या नावाचा अर्थ काय?

हिब्रू भाषेत ‘बेने’ म्हणजे मुले. इस्रायल हे बायबलमधील पूर्वज याकोबाचे दुसरे नाव. म्हणून बेने इस्रायल म्हणजे याकोबाची संतती. आजच्या इस्रायल या देशावरून हे नाव पडलेले नाही. तो देश १९४८ चा, तर समाजाचे हे नाव त्याच्या कितीतरी आधीचे आहे.

कोकणात राहून त्यांची नावेही कोकणी झाली. सॅम्युएलचा सामाजी झाला, एझेकिएलचा हसाजी झाला. आडनावे गावांवरून आली. किहीमचे केहीमकर, नवगावचे नवगावकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चौलचे चेऊलकर, अष्टमीचे अष्टमकर. यांतली काही गावे नकाशावर शोधली तर सगळी सध्याच्या रायगड जिल्ह्यात, एकमेकांपासून फार दूर नसलेली आढळतात. समाजाच्या वस्तीचा जुना नकाशाच या आडनावांत जपला गेला आहे.

ग्रंथ नसताना धर्म टिकला कसा?

ज्यू धर्म हा ग्रंथावर उभा असलेला धर्म. तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, ही त्याची मुख्य संहिता. ती चामड्याच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेली असते आणि सिनेगॉगमध्ये तिचे वाचन होते. कोकणातील या लोकांजवळ यातले काहीच उरले नव्हते. हिब्रू भाषाही विसरली गेली होती.

उरल्या त्या मोजक्या गोष्टी. शनिवारची सुट्टी. मुलाची आठव्या दिवशी सुंता. खाण्यापिण्याचे काही नियम, उदाहरणार्थ खवले आणि पर नसलेला मासा न खाणे. काही सण आणि उपास. आणि ‘शेमा’ या प्रार्थनेचे शब्द. देव एकच आहे, ही ग्वाही देणारी ही ज्यूंची सर्वांत जुनी प्रार्थना. जन्म, सुंता, लग्न, मृत्यू, कोणताही प्रसंग असो, दुसरे काही येत नसल्याने हीच प्रार्थना म्हटली जाई.

सणांची हिब्रू नावे लोक विसरले होते, पण सण विसरले नव्हते. त्यांना त्यांनी मराठी नावे दिली. ज्यू नववर्ष झाले ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताचा मोठा उपास, योम किप्पूर, झाला ‘दारफळणीचा सण’, कारण त्या दिवशी दार बंद करून घरातच बसायचे. त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. पुरीमचा सण होळीच्या सुमारास येतो म्हणून तो ‘होळीचा सण’. जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्याच्या शोकाचा दिवस झाला ‘बिरड्याचा सण’, कारण त्या दिवशी जेवणात वालाचे बिरडे असे. शोकाचे कारण विस्मरणात गेले, पण दिवस पाळला गेला.

ते ज्यू आहेत, हे कोणाच्या लक्षात आले?

समाजाची परंपरा याचे श्रेय डेव्हिड रहाबी नावाच्या परदेशी ज्यूला देते. तो नेमका कोणत्या शतकातला, यावर एकमत नाही. काहींच्या मते तो कोचीच्या रहाबी घराण्यातील अठराव्या शतकातला व्यापारी. कथा मात्र सगळे एकसारखी सांगतात. शनिवारी काम न करणारे हे लोक पाहून त्याला शंका आली. त्याने बायकांना वेगवेगळे मासे दिले आणि शिजवायला सांगितले. त्यांनी खवले आणि पर नसलेले मासे बाजूला काढले. हेच लोक आपले, अशी त्याची खात्री पटली. मग त्याने तिघा तरुणांना हिब्रू आणि धर्मविधी शिकवले. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतील या तिघांना ‘काजी’ म्हणत. सुंता, लग्न आणि तंटे मिटवणे ही कामे पुढे अनेक पिढ्या या काजींकडे होती.

लेखी पुरावा १७३८ पासून मिळतो. डॅनिश मिशनरी सार्टोरियस याच्या पत्रात अशा समाजाचा उल्लेख आहे.

मुंबईतील पहिले सिनेगॉग कोणी बांधले?

अठराव्या शतकात बेने इस्रायल कुटुंबे मुंबईला येऊ लागली. घाणा सोडून ती ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात आणि कारखान्यांत नोकरीला लागली. सॅम्युएल एझेकिएल दिवेकर ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर हे अशांपैकी एक सैनिकी अधिकारी. इंग्रज-म्हैसूर युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. सुटका झाली तर प्रार्थनामंदिर बांधीन, असा नवस त्यांनी केल्याचे सांगतात.

१७९६ मध्ये त्यांनी मुंबईच्या मांडवी भागात सिनेगॉग बांधले. ‘शाआर हारहामीम’ म्हणजे दयेचे द्वार, हे त्याचे नाव. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत. मध्य रेल्वेवरील मस्जिद स्थानकाचे नाव यावरूनच पडले असे मानले जाते. जवळच्या रस्त्याचे नाव आजही सॅम्युएल स्ट्रीट आहे. सिनेगॉगसाठी तोराच्या गुंडाळ्या मिळवायला दिवेकर कोचीला गेले आणि १७९७ मध्ये तिथेच वारले.

त्यानंतर कोकणात आणि घाटावर सिनेगॉग उभी राहिली. अलिबागचे १८४८ मधले, पनवेलचे १८४९ मधले, ठाण्याचे १८७९ मधले. अलिबागच्या ‘इस्रायल आळी’त ते सिनेगॉग आजही आहे.

मराठी आणि ज्यू धर्म यांचे नाते काय?

या समाजाच्या इतिहासातील सर्वांत वेगळा भाग हाच आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनरी मुंबईत आले. त्यांनी शाळा काढल्या आणि बायबल मराठीत आणले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू व्याकरण मराठीत लिहिले. या शाळांत बेने इस्रायलींची मुले शिकली. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. पण या समाजातील फार थोड्यांनी धर्मांतर केले. बहुतेकांनी या शिक्षणाचा उपयोग उलटा केला. अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा त्यांनी मराठीत वाचल्या आणि आपलाच हरवलेला धर्म परत मिळवला.

पुढची पायरी समाजाने स्वतः गाठली. जोसेफ एझेकिएल राजपूरकर (१८३४-१९०५) हे मुंबईतील शाळेचे मुख्याध्यापक आणि हिब्रूचे जाणकार. त्यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचा ग्रंथ, हग्गादा, हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत शिळाप्रेसवर छापला गेला. छापखाना होता विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांचा. या ग्रंथातील चित्रात बेखमीर भाकरी भाजणाऱ्या बायका साडी नेसलेल्या दिसतात. गुलामगिरीतून सुटका झाल्याची ही कथा मिसर देशातली, पण चित्रातला स्वयंपाक इथला.

१८८० च्या सुमारास समाजात कीर्तनेही सुरू झाली. विषय बायबलमधला, चाली आणि पद्धत मराठी कीर्तनाची. शनिवार पाळणारा बुवा अब्राहामाचे आख्यान लावतो आणि श्रोते मराठीत साथ देतात, हे दृश्य जगात इतरत्र कुठे दिसणार नाही.

१८७५ मध्ये केहीमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत समाजासाठी शाळा काढली. पुढे तिला सर एली कदूरी यांचे नाव मिळाले. रिबेका रूबेन १९२२ ते १९५० या काळात या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. १९०५ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत पहिल्या आल्या होत्या. केहीमकरांनी समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला.

मलिदा, चिकाचा हलवा... इथल्या चालीरीती कोणत्या?

वऱ्हाडात मलिदा म्हटले की दर्ग्यावरचा नैवेद्य आठवतो. बेने इस्रायलींचा मलिदा वेगळा. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ किंवा साखर, वेलदोडे आणि सोबत फळे, असे ते ताट. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात जाताना, मोठे संकट टळल्यावर हे ताट मांडून प्रेषित एलियाहू हानाबी यांचे स्मरण करतात. अलिबाग तालुक्यातील खंडाळा या गावी खडकावर एलियाहूंच्या रथाच्या खुणा आहेत, अशी श्रद्धा आहे. हे पुण्याजवळचे खंडाळा नव्हे. त्या जागेला ‘एलियाहू हानाबीचा टापा’ म्हणतात. एलियाहू सर्वच ज्यूंना पूज्य आहेत, पण त्यांच्यासाठी मलिद्याचे ताट ही केवळ बेने इस्रायलींची रीत.

नव्याच्या सणाला चिकाचा हलवा होतो. वऱ्हाडातल्या घरांत उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू भिजवून जो चीक काढतात, तोच हा चीक. तो नारळाच्या दुधात शिजवतात. नारळाच्या दुधामागे धर्माचा नियम आहे. ज्यू धर्मात मांस आणि दूधदुभते एकाच जेवणात चालत नाही. कोकणात नारळ मुबलक असल्याने मटणाच्या रश्श्यापासून गोड पदार्थापर्यंत नारळाच्या दुधाने हा प्रश्न सोडवला. शब्बाथच्या प्रार्थनेला द्राक्षमद्य लागते. ते मिळत नसल्याने काळ्या मनुका भिजवून त्यांचे सरबत वापरले जाऊ लागले.

लग्नात हळद, मेंदी आणि मंगळसूत्र आले. अनेक घरांत शेजाऱ्यांच्या भावनांचा मान राखून गोमांस वर्ज्य झाले. मात्र इथल्या समाजातून सगळे चांगलेच घेतले गेले असे नाही. विधवाविवाहाला पूर्वी विरोध होता. ‘गोरे’ आणि ‘काळे’ अशी फूटही होती. आई ज्यू नसलेल्यांची संतती ‘काळे’ मानली जाई आणि त्यांच्याशी लग्नसंबंध टाळले जात. जातीच्या सावलीतून हा समाजही सुटला नव्हता.

ससून, कोचीचे ज्यू आणि बेने इस्रायल एकच का?

नाही. भारतात ज्यूंचे तीन जुने गट. कोचीचे ज्यू केरळात, मल्याळम बोलणारे. बेने इस्रायल कोकणात, मराठी बोलणारे. तिसरे बगदादी ज्यू, जे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इराक आणि आसपासच्या देशांतून व्यापारासाठी आले.

डेव्हिड ससून (१७९२-१८६४) हे बगदादी. ते १८३२ मध्ये मुंबईत स्थायिक झाले. कापूस आणि अफूच्या व्यापारात या घराण्याने अफाट पैसा मिळवला. पुण्याचे ससून रुग्णालय, मुंबईतील ससून गोदी, काळा घोड्याजवळचे ससून ग्रंथालय ही नावे त्याच घराण्याची. पुण्यातील लाल देऊळ हे १८६७ मधले सिनेगॉगही त्यांचेच.

बगदादींनी सुरुवातीला बेने इस्रायलींना सिनेगॉग उभारणीत आणि शिक्षणात मदत केली. पुढे काही बगदादी त्यांना कमी लेखू लागले. ज्यू सामूहिक प्रार्थनेसाठी तेरा वर्षांवरील किमान दहा पुरुष लागतात. त्या दहांत बेने इस्रायली माणूस धरायचा की नाही, यावरही वाद झाले. ‘तुम्ही खरे ज्यू का?’ हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा उभा राहिला. पुढे तो आणखी मोठा झाला.

या समाजाने महाराष्ट्राला काय दिले?

संख्येच्या मानाने ही यादी मोठी आहे. ‘आलम आरा’ या १९३१ मधील पहिल्या भारतीय बोलपटाचे लेखन जोसेफ डेव्हिड पेणकर यांचे. ‘बूट पॉलिश’मधील जॉन चाचा साकारणारे डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. त्यांना १९६९ मध्ये पद्मश्री मिळाली. डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा १९२८ ते १९४७ या काळात सांभाळली. त्यांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. डॉ. ई. मोझेस १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर होते. महालक्ष्मीजवळचा ई. मोझेस मार्ग त्यांच्याच नावाचा. इंग्रजीत लिहिणारे कवी निसीम एझेकिएल (१९२४-२००४) यांना १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सैन्य, नौदल, रेल्वे, टपाल आणि कस्टम खात्यांत या समाजाचे शेकडो लोक होते.

मग लोक गेले का?

छळामुळे नाही. ज्यूंचा इतिहास हद्दपारी आणि कत्तलींनी भरलेला असताना भारतात शेजाऱ्यांनी त्यांच्यावर हात उचलला नाही, हे समाजाचे लोक आवर्जून सांगतात. मुंबईच्या नरिमन हाऊसवर नोव्हेंबर २००८ मध्ये झालेला हल्ला पाकिस्तानातून आलेल्या दहशतवाद्यांचा होता.

स्वातंत्र्याच्या सुमारास बेने इस्रायलींची संख्या २० हजारांच्या आसपास होती. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाला आणि १९५० च्या कायद्याने जगातील कोणत्याही ज्यूला तिथे स्थायिक होण्याचा हक्क मिळाला. हजारो वर्षे प्रार्थनेत ज्याचे नाव घेतले, त्या भूमीची ओढ हे एक कारण. इंग्रज गेल्यावर सरकारी नोकऱ्यांचे काय होईल, ही चिंता दुसरे. मग एक घर गेले की भावंडे गेली, आणि उरलेल्यांना मुलांची लग्ने जमवणे अवघड झाले. तेही गेले.

इस्रायलमध्ये स्वागत कसे झाले?

अनेकांना दिमोना, बीरशेबा अशा वाळवंटातील नव्या वसाहतींत पाठवले गेले. मुंबईचा कारकून तिथे मजूर झाला. भेदभावाच्या तक्रारी झाल्या. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला काहींनी धरणे धरून भारतात परत पाठवण्याची मागणी केली आणि काही परतलेही.

मोठा घाव बसला १९६० च्या दशकात. बेने इस्रायलींचे अन्य ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्यांच्या आईकडील पिढ्यांची चौकशी करावी, असे निर्देश तिथल्या मुख्य धर्मपीठाने दिले. ग्रंथ नसतानाही ज्यांनी शनिवार सोडला नव्हता, त्यांनाच आता ज्यू असल्याचा पुरावा मागितला गेला. समाज रस्त्यावर उतरला. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये धरणे झाली. अखेर त्या वर्षी ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने, बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू असून त्यांचे हक्क इतरांसारखेच आहेत, असा ठराव केला. धर्मपीठाला आपल्या निर्देशांतून या समाजाचे नाव काढावे लागले.

आज भारतीय वंशाचे सुमारे ८५ हजार ज्यू इस्रायलमध्ये आहेत. त्यांत सर्वाधिक बेने इस्रायल. जुनी पिढी मराठी बोलते. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तिथून निघत आले आहे. मलिद्याचे ताटही तिथे मांडले जाते.

महाराष्ट्रात अल्पसंख्याक दर्जा कधी मिळाला?

२०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे ४,६५० ज्यू नोंदले गेले. त्यांतले निम्म्याहून अधिक, सुमारे अडीच हजार, महाराष्ट्रात. अकोल्यातील एखाद्या मोठ्या महाविद्यालयाच्या विद्यार्थिसंख्येशी तुलना करावी, एवढा हा आकडा.

केंद्राच्या अल्पसंख्याक यादीत मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन असे सहा समाज आहेत. ज्यू त्यात नाहीत. महाराष्ट्र सरकारने जून २०१६ मध्ये राज्यापुरता हा दर्जा दिला. त्याचा अर्थ मोठ्या सवलती असा नाही. मुख्य मागणी नोंदीची होती. सरकारी अर्जावर धर्माच्या रकान्यात ‘इतर’ न लिहिता आपले नाव असावे, स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवता याव्यात, एवढी ती मागणी. शेजाऱ्यांनी दिलेल्या ‘शनवार तेली’ या नावापासून सरकारी कागदावर ज्यू म्हणून नोंद होण्यापर्यंतचा हा प्रवास आहे.

आता पुढे काय?

प्रश्न दहा माणसांचा आहे. मुंबई, ठाणे, पुणे इथे सणासुदीला सिनेगॉग भरतात. कोकणातील लहान गावांत मात्र प्रार्थनेसाठी दहा पुरुष जमणे कठीण झाले आहे. इमारत उभी आहे, तोरा पेटीत आहे, पण दहावा माणूस आला नाही तर तिचे वाचन होत नाही. जुन्या काळी माणसे होती आणि ग्रंथ नव्हता. आता ग्रंथ आहे आणि माणसे नाहीत.

इमारती आणि दफनभूमी सांभाळणे हे समाजाच्या विश्वस्तांचे काम असले, तरी या इतिहासाचा मोठा भाग मराठीत आहे : मराठी प्रार्थनापुस्तके, कीर्तने, नियतकालिके, थडग्यांवरील मराठी अक्षरे. इस्रायलमधील नवी पिढी हिब्रूत वाढली. तिला हे सारे वाचता येईलच असे नाही. ते वाचू शकणारे लोक महाराष्ट्रात आहेत. म्हणून ही जपणूक फक्त ज्यूंची उरत नाही, ती मराठी भाषेच्या अभ्यासकांची, ग्रंथालयांची आणि विद्यापीठांचीही ठरते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत वऱ्हाडातून अनेक कुटुंबे अलिबागला जातात. किल्ला आणि समुद्र पाहून झाल्यावर इस्रायल आळी आणि नवगाव फार दूर नाही. शनिवारी गेल्यास तो विश्रांतीचा दिवस आहे, एवढे ध्यानात ठेवावे.